चिचबोडीचं तुडूम

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शिकवायला नको — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे काय, चीडच यायची. या पानावर लोक लिहितात ते अनुभव मी वाचायचे, पण ते हसायला. वाचून झालं की मनातल्या मनात एकेकाचा निकाल लावायचे... याची झोप झाली नव्हती, हिने ते आधीच कुठेतरी ऐकलं होतं, या काकांची आठवण नंतर बदलली. सायकॉलॉजी शिकत असल्यामुळे हा माज जरा जास्तच होता.

घरचं वळणही तसंच. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव विसर्जित केले ते केलेच. बाबा गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गावात कुणाच्या अंगात आलं की बाबा तिथे जाऊन उभे राहायचे आणि त्या बाईला सरळ विचारायचे, "कोनतं दुखून राहिलं तुले? दवाखान्यात चालतं का?" अशा माणसाची मी मुलगी.

गाव आमचं गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधपासून जवळ. नाव लिहीत नाही. अकरावी-बारावी मी गोंदियाजवळ कुडव्याला मावशीकडे राहून केली, आणि मग नशीब असं उघडलं की एका इंग्लिश विद्यापीठाच्या मलेशियातल्या कॅम्पसमध्ये स्कॉलरशिपवर प्रवेश मिळाला. बी.एस्सी. सायकॉलॉजी. आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मी वेड्यांची डॉक्टर होणार आहे. अजूनही वाटतं.

ही गोष्ट दुसऱ्या वर्षाची. ऑक्टोबर महिना.

आम्हाला जोडीजोडीने एक प्रयोग करायचा होता. माझी जोडीदार फराह, तिथलीच, मलेशियाची. प्रयोग साधा होता. टीव्हीला सिग्नल नसला की जो खरखराट येतो ना, तसला आवाज कॉम्प्युटरवर तयार करायचा. मुलांना एकेक करून साउंडप्रूफ बूथमध्ये बसवायचं, हेडफोन लावायचे, आणि सांगायचं की या खरखरीत अधूनमधून अगदी हळू आवाजात शब्द लपवलेले आहेत, ऐकू आले तर माइकमध्ये बोला. गंमत अशी की शब्द नसतातच. नुसती खरखर असते. तरी लोकांना ऐकू येतात! कुणाला स्वतःचं नाव, कुणाला आई हाक मारताना, कुणाला गाणं. मेंदूला रिकामं काही सहन होत नाही, तो भरून काढतो, हे दाखवायचं होतं.

ती फाइल मी माझ्या हाताने बनवली होती. नीट लक्षात ठेवा. त्यात कुणाचाही आवाज नव्हता.

बूथ म्हणजे पूर्वीच्या एसटीडी बूथएवढी खोली. मी बाहेर टेबलावर, माइकमधून आतला मुलगा जे बोलेल ते ऐकत. दुपारी साडेतीनची वेळ, म्हणजे आपल्याकडे एक वाजलेला, लख्ख ऊन, कॉरिडॉरमध्ये पोरं कॉफीचे कप घेऊन फिरत होती. भीतीदायक असं काहीही नव्हतं.

त्या दिवशी पहिली आली कमिला, कझाकस्तानची. बराच वेळ गप्प होती. मग खुदकन हसली आणि म्हणाली, "तुडूम."

आम्हीही हसलो. सगळ्यांना माहीतच असेल, मोबाइलवर सिनेमे दाखवणारं एक ॲप आहे, ते उघडलं की असाच काहीसा दणका वाजतो. कमिलाला तोच आठवला असणार. फराह म्हणाली, "बिचारी रात्रभर सिरीयल बघत असेल." मी म्हटलं, अगं, आमच्या गावात खरंखुरं तुडूम असतं! आणि मी तिला कौतुकाने सांगायला बसले.

तुम्हालाही सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे कळणार नाही. आमच्या भागात पाऊलभर गेलं की तळं लागतं. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या बांधलेली. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, असते, आणि पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यात, दगडाचं उतरत्या पायऱ्यांसारखं बांधकाम असतं. त्यात एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटा ठोकलेला. शेताला पाणी हवं असलं की माणूस पाण्यात उतरतो आणि खुंटा ओढून काढतो. पाणी त्या भोकातून पाळीखालच्या नळीत जातं आणि पलीकडे नालीत निघतं. हे जे सगळं बांधकाम, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. "तुडूम काढलं" म्हणजे पाणी सोडलं. काम वाटतं तेवढं सोपं नाही. खुंटा निघाला की पाणी त्या भोकात असं ओढ घेतं की हात मध्ये सापडला तर निघत नाही. म्हणून एकट्याने उतरायचं नाही, कमरेला दोर बांधायचा आणि दोराचं टोक धरून पाळीवर कुणीतरी उभं राहायचं, हा नियम लहान पोरांनाही माहीत असतो.

फराहला हे फार आवडलं. तेवढ्यात दुसरा आला, नायजेरियाचा टुंडे. कमिला दुसऱ्या दाराने गेली होती, दोघांची गाठ पडली नाही.

टुंडे बसल्या बसल्या बोलायला लागला. "एक माणूस आहे. म्हणतोय, हॉट... हॉट." मग थोडं थांबून, "आता म्हणतोय, बाय. बाय, बाय." मी माइकवर विचारलं, ओरडतोय का? तो म्हणाला, "नाही, नाही. हळू बोलतोय. आपल्या लहान मुलाशी बोलावं तसं."

मी कागदावर काही लिहायला पेन उचललं आणि ते तसंच राहिलं. माझ्या डोक्यात ते शब्द आपोआप मराठीत झाले. हॉट नाही, हात. आणि बाय नाही... बाई.

आमच्याकडे बाप लेकीला 'बाई' म्हणतो. माझे बाबा मला नावाने हाक मारतच नाहीत. बाई, जेवली का. बाई, पैसे पुरले का.

तुडूम. हात. बाई.

आणि आदल्याच दिवशी बाबा फोनवर म्हणाले होते, पावसाने दडी मारली आहे, धान निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला लागला आणि बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, भेगा पडल्या, आता चिचबोडीचं तुडूम काढावं लागणार. चिचबोडी म्हणजे आमच्या शेतावरची बोडी. दरवर्षी उतरणाऱ्या दोन-तीन माणसांत माझे बाबा एक.

माझे पाय गार पडले. खरंच. पुस्तकात वाचलं होतं की भीतीने रक्त हातापायांतून निघून जातं... ते असं असतं हे तेव्हा कळलं. टुंडेला कसंबसं 'थँक यू' म्हणून मी कॉरिडॉरमध्ये पळाले आणि फोन लावला. वाजत राहिला. वाजतच राहिला. मी मनातल्या मनात बाबांना शिव्या घालत होते आणि रडत होते.

"हां, बोल बाई."

"बाबा! कुठं आहा तुम्ही?"

"शारेत. कुठं राहीन? पोरं जेवून राहिले. तू जेवली का?"

बाबा धडधाकट होते, मागे ताटांचा आवाज येत होता, कुणी पोरगं "गुरुजी, वरन पाहिजे" म्हणून ओरडत होतं. मी विचारलं, तुडूम? तर म्हणाले, "उद्या काढाचं ठरलं हाये. सारे मिरून जाऊ. तुले कायले पाहिजे आता तुडूम? अभ्यास कर."

मी डोळे पुसले आणि स्वतःवर जाम हसले. वा रे सायकॉलॉजिस्ट! लोकांना खरखरीत शब्द ऐकू येतात म्हणून प्रयोग करतेय, आणि लोकांच्या इंग्रजी शब्दांत मलाच आमची झाडीबोली ऐकू येतेय. फराहला सांगितलं तर ती पण हसली, म्हणाली, हे रिपोर्टमध्ये लिही, मार्क मिळतील.

तिसरा मुलगा मलेशियातल्याच पेनांगचा. लाजाळू, फारसा न बोलणारा. आत बसला, हेडफोन लावले. मग त्याने माइकमध्ये घसा साफ केला.

"सॉरी, हे फार मूर्खासारखं वाटेल," तो म्हणाला. "पण तो माणूस सारखा म्हणतोय... चीज बॉडी."

फराह खो खो हसायला लागली. तो आतून परत म्हणाला, "चीज बॉडी. चीज बॉडी. आणि पाणी आहे."

मंडळी, मी ते कसं सांगू तुम्हाला. माझ्या आजूबाजूला ट्यूबलाइट, कॉम्प्युटर, एसी, हसणारी मैत्रीण, आणि पेनांगचा एक मुलगा — ज्याने भारत नकाशातसुद्धा धड पाहिला नसेल — तो आमच्या बोडीचं नाव घेत होता. चिचबोडी. ते नाव गुगलवर नाही. ते नाव आमच्या गावाच्या चार शिवारांपलीकडे कुणाला माहीत नाही. मी कॅम्पसवर ते कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. फराहला तुडूम सांगितलं तेव्हाही नाही.

मी परत फोन लावला.

"बाबा, चिचबोडीवर आता कोन हाये?"

"कोनी नाही. सांगतलं ना, उद्या..."

"जाऊन पाहा ना. आत्ता जा."

"काऊन?"

काय सांगणार होते मी त्यांना? खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला फोनवरच झापलं असतं आणि गेले नसते. मी थाप मारली. म्हटलं, "मले फोन आला होता गावातून. कोनीतरी आटकलं हाये तुडमात. आवाज तुटला. बाबा, जा ना लवकर!"

मग त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बंडू गुरुजी, पोरं पाहा जराशी," एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला.

त्यानंतरचा वेळ मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसून काढला. फराह पाणी घेऊन आली, ते प्यायले नाही. मला एकच कळत होतं, आता माझ्या मूर्खपणामुळे बाबा बोडीवर निघाले आहेत. तिथे कुणी नसलं आणि आलोच आहोत तर काढून टाकू म्हणून ते स्वतःच पाण्यात उतरले तर? तो 'हात' त्यांचाच असला तर? मी फोन लावत होते, ते उचलत नव्हते. आईला लावला, तिला काहीच माहीत नव्हतं. तिला मी काय बोलले ते मला आठवत नाही, ती नंतर म्हणाली की मी नुसती "दोर, दोर" म्हणत होते.

शेवटी बाबांचा फोन आला. धाप लागलेली होती.

"दसरू होता," ते म्हणाले. "जित्ता हाये."

दसरू काका म्हणजे आमच्या शेजारच्या बांधीवाले. ते कोहळी, त्यांच्याच पूर्वजांनी ती बोडी बांधलेली, त्यामुळे तुडूम म्हणजे घरचंच काम असं त्यांना वाटायचं. धान डोळ्यांदेखत करपत होता, उद्यापर्यंत दम निघाला नाही. सकाळीच एकटे उतरले. खुंटा निघाला आणि हात कोपरापर्यंत भोकात ओढला गेला. पाणी हनुवटीपर्यंत. बाबा पोहोचले तेव्हा मान एका बाजूला पडली होती आणि ओठ पाण्याला लागत होते. बाबांनी आरडाओरडा करून माणसं जमवली, पलीकडचं नळीचं तोंड मातीच्या पोत्यांनी बुजवलं. नळी भरली, पाण्याची ओढ थांबली, तेव्हा हात सुटला. नवेगावहून गोंदियाला नेलं. दोन बोटं गेली, पण माणूस वाचला.

"कोनाचा फोन आला होता तुले?" बाबांनी विचारलं.

आवाज नीट नव्हता, एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

आता तुमच्या मनात जे येतंय ते सगळं माझ्याही मनात आलं आहे. ती फाइल मी दहादा ऐकली, फराहने ऐकली, आम्हाला प्रयोग शिकवणाऱ्या मॅडमनी सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिली. खरखर. दुसरं काही नाही. तीच फाइल पुढे बाकीच्या सगळ्या मुलांना ऐकवली, कुणाला पाऊस ऐकू आला, कुणाला प्रार्थना. या तिघांचे शब्द पुन्हा कुणालाच नाहीत. त्या तिघांचं माइकवरचं बोलणं मात्र रेकॉर्ड आहे, तुडूमपासून चीज बॉडीपर्यंत.

मॅडम हुशार आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी प्रयोगातली खरी पार्टिसिपंट तू होतीस. त्यांनी इंग्रजी शब्द उच्चारले. त्या शब्दांना तुझ्या गावाचा अर्थ तू दिलास. घरची काळजी होतीच तुझ्या मनात." मला हे पटतं. अगदी मनापासून पटतं! हॉट, बाय, तुडूम... तीन शब्दांपर्यंत मी योगायोग मान्य करते. चीज बॉडीसुद्धा एक वेळ करेन. पण त्याच वेळी तिकडे एक माणूस खरोखर पाण्यात होता, त्याचं काय? मॅडम त्यावर म्हणाल्या, "ते मला माहीत नाही." त्या असं म्हणाल्या म्हणून माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला, आणि भीतीही.

बाबांना मी सुट्टीत घरी गेल्यावर खरं सांगितलं. ते ओसरीवर बसून होते. सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते पायातल्या चपलेकडे बघत म्हणाले, "तुले फोन आला होता. कोन्या तरी मानसानं केला असंल. नंबर मिटला असंल." मी म्हटलं, बाबा, नव्हता आला. "आला होता," ते म्हणाले आणि उठून गेले. आजतागायत ते यावर बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दसरू काकांकडे गेले. हाताला अजून पट्टी होती. मला बघून त्यांचे डोळे भरले. "ये बाई," म्हणाले. मी विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, पण राहवलं नाही. विचारलं, काका, तुम्ही आवाज दिला होता का कुणाला?

"आवाज कायचा देतो बाई," ते म्हणाले. "तोंड उघडलं का पानी आत. पह्यलं पह्यलं ओरडलो, तवा कोनीच नोहतं, मंग थेही सोडलं. मनातच म्हनून राहिलो. बाई, तुडमात हात आटकला वो. बाई, चिचबोडीवर ये. तेवढंच. दुसरं काही सुचतच नोहतं."

तेव्हा मला कळलं की मी पहिल्यापासून काय चूक करत होते. 'बाई' ऐकल्याबरोबर मी धरून चालले की ती मीच. आमच्या गावात प्रत्येक बापाची लेक बाईच असते.

त्यांची बाई म्हणजे योगिता. माझ्याच वर्गात होती दहावीपर्यंत. ती तिथेच भिंतीला टेकून उभी होती, हातात चहाचा ट्रे, आणि सगळं ऐकत होती. बापाचं बोलणं तिने याआधी ऐकलं नसावं, निदान चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं. माझ्या प्रयोगाचं गावात कसं पसरलं माहीत नाही, पण तिला ते माहीत होतं. चहा झाल्यावर ती मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"एक इचारू का वो?" ती म्हणाली.

"इचार ना."

"त्या दिवशी मी पारीच्या खालीच होती. गवत कापून राहिली होती. नालीत जरासं पानी येऊन राहिलं तं मले वाटलं, बाबानं तुडूम काढलं, बरं झालं. मी त्या पान्यात हात धुतले." तिने फाटकाची कडी धरली. "बाबानं आवाज मले देल्ला न वो. मी एवढी जवर होती. मंग तुले कायले आयकू आला?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि तिच्या मते ते माझ्याकडे असायला हवं होतं, कारण मी परदेशात जाऊन मनाचंच शिकत होते. मी तोंड उघडलं. मेंदू रिकामी जागा कशी भरतो ते सांगायला लागले, आणि दोन वाक्यांत थांबले. तिने मान हलवली, फाटक लावलं आणि आत गेली.

माझी डिग्री आता संपत आली आहे. योगिताचा अधूनमधून मेसेज येतो. इकडचं तिकडचं बोलतो, काकांचा हात कसा आहे, धान कसा झाला, आणि शेवटी ती हमखास लिहिते — 'समजलं का काही?' मी 'नाही' असं लिहिते. ती 'बरं' म्हणते.

तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर खाली जरूर लिहा. शास्त्रातलं असो की दुसरं कुठलं, मी आता हसणार नाही. मला पटलं नाही तरी चालेल. मला ते योगिताला सांगायचं आहे.